न पटणारी गोष्ट कोणती?

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी ‘कुंकू’ काढला. वृद्ध, विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या विवाहाला विवाह मानण्याचेच नाकारते. काकासाहेब झालेले केशवराव दाते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. रंगभूषेने त्यांना म्हातारे केले गेले, कारण वयातील अंतर प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरावे हाच हेतू होता.

२०१० च्या ‘दबंग’मध्ये नायक सलमान खान ४४ वर्षांचा, तर नायिका सोनाक्षी सिन्हा त्याच्याहून २१ वर्षांनी लहान. नायक पोलीस अधिकारी, नायिका गरीब कुंभाराची मुलगी. या दुहेरी विषमतेची कथेला मात्र फिकीर नाही.

वयात अंतर असलेल्यांचे प्रेम असंभव आहे, असे कोणी म्हणणार नाही. ‘चीनी कम’मध्ये (२००७) नायक ६४ वर्षांचा, नायिका ३४ वर्षांची. मुलीचा गांधीवादी बाप भावी जावयाहून लहान असून विरोधासाठी उपोषणाला बसतो. हे पटते, कारण अंतर हाच तेथे संघर्षाचा विषय आहे.

तिकीट नायकाच्या नावावर खपते. म्हणून त्याचे वय गोठवले जाते आणि नायिका तेवढी बदलली जाते. हा बाजाराचा हिशेब आहे. १९३७ च्या नीरेला नकाराचा हक्क होता. असल्या चित्रपटांच्या नायिकेला वयाविषयीचा प्रश्नच विचारला जात नाही. खरी न पटणारी गोष्ट ती आहे.