पुलर घेताना

काडतुसात बसलेली गोळी पुंगळीला इजा न होता बाहेर काढावयाचे जे अवजार, ज्याला शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यातील आणि रेंजवरील मंडळी नुसते 'पुलर' म्हणतात, त्यातले टिकाऊ कोणते, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु ज्याच्या हातून दारूचे माप चुकले, किंवा गोळी ठरल्या खोलीपेक्षा बाहेर राहिली, किंवा ज्याच्या पेटीतील पितळी पुंगळ्यांवर मुंबईच्या चार पावसाळ्यांनी कळंक चढविला, त्याला तो लहान वाटत नाही. असे काडतूस झाडता येत नाही, फेकता येत नाही, आणि ठेवून घेण्यातही शहाणपण नाही. ते उघडणे एवढाच मार्ग उरतो.

मात्र अवजाराच्या गुणदोषांकडे वळण्यापूर्वी दप्तर उघडणे प्राप्त आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या केली आहे, तीत काडतुसांबरोबर त्यांचे भाग आणि ती तयार करावयाची यंत्रसामग्रीही अंतर्भूत आहे. कलम ५ अन्वये परवान्यावाचून दारूगोळा बनविण्यास मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधास किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. पुलर हा घडविणारा नव्हे, मोडणारा जिन्नस आहे, सबब तो या व्याख्येत येत नाही, असा युक्तिवाद एखादा वकील करील आणि कदाचित तो मान्यही होईल. पण चारशे-पाचशे ग्रॅमच्या अवजारासाठी आपला परवाना पणास लावावा, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. आपल्या परवान्यात कोणत्या कामाची मुभा लिहिली आहे ते वाचावे, शंका असल्यास परवाना अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी, आणि उत्तर येईपर्यंत खरेदी तहकूब ठेवावी. पुढील मजकूर ज्यांची ही खातरजमा झाली आहे त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः परवानाधारक कारागीर व शस्त्रागार सांभाळणारे यांच्यासाठी आहे.

गिरगाव-दादरहून वरळीच्या रेंजवर जाणाऱ्या बहुसंख्य नेमबाजांचा या अवजाराशी संबंधच येत नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.मुळे बंदुकीशी परिचय झालेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या त्या हवेच्या रायफलीवर, आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले ते पॉइंट टू-टू रायफलीवर. टू-टूच्या काडतुसात पेटणारे मिश्रण वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या कडेच्या घडीतच भरलेले असते, आणि पुलर धरतो ती नेमकी हीच कड. म्हणून त्या काडतुसास पुलर लावणे हा प्रयोग नव्हे, अविचार आहे.

आता अवजार. पुलरचे जे दोन मुख्य प्रकार, त्यांतला हातोडीच्या आकाराचा स्वस्त आणि म्हणून सर्वत्र आढळणारा. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस उलटे अडकवितात, पुंगळीची कड तीन तुकड्यांच्या कॉलेटने धरलेली असते, आणि डोके आपटले की पुंगळी थांबते व गोळी आपल्या जडत्वाने पुढे निघते. गोळी जितकी जड तितकी ती लवकर सुटते, हे त्यामुळे ओघानेच आले: २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅमची गोळी दोन-तीन ठोक्यांत बाहेर येईल, तर ४०-५० ग्रेनच्या गोळीसाठी कारागिराचा हात भरून येतो, आणि हात भरून आला की माणूस जोर वाढवितो, आणि जोर वाढविला की डोक्याला तडा जातो. बहुतेक पुलर मोडतात ते या क्रमाने. दोष कारखानदाराच्या माथी जातो.

प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत एका दुकानात असा पुलर कोटा फरशीवर आपटला गेला व तिसऱ्या ठोक्यास त्याचे डोके उभे उकलले, आणि सांडलेली दारू फरशीच्या सांध्यांतून वेचण्यात आमची उरलेली दुपार गेली. फरशी आणि लोखंड फार कठीण; रबराची गादी फार मऊ, तिच्यावर ठोका झेलला जातो, अडत नाही. लाकडाच्या ओंडक्याची आडवी कापलेली बाजू, जिथे नसांची टोके वर येतात, ती योग्य. इतके सांभाळले तर मध्यम प्रतीचा पुलरही वर्षानुवर्षे चालतो.

घेताना मात्र डोक्यापेक्षा दोन ठिकाणे निरखून पाहावी. पहिले, कॉलेट डोक्यात अडकवून ठेवणाऱ्या टोपणाचे आटे: ते धातूचे, खोल आणि स्वच्छ कापलेले असावेत, कारण प्रत्येक काडतुसागणिक टोपण उघडते व मिटते, आणि झिजलेल्या आट्यांचे टोपण ऐन ठोक्याच्या वेळी सुटते. दुसरे दांडा व डोके यांचा सांधा. कॉलेटचे तीन तुकडे एकत्र ठेवणारे रबरी कडे आपल्या दमट हवेत कुजणारच. त्याची काळजी करू नये, तसले कडे नागदेवी स्ट्रीटवर मिळते. ते सापडेना म्हणून कॉलेटऐवजी काडतुसे भरण्याच्या प्रेसचा शेल-होल्डर, म्हणजे पुंगळीची कड धरणारा तुकडा, घालण्याची जी युक्ती काही जण मोठ्या हुशारीने सांगतात, ती तेवढी कटाक्षाने टाळावी. तिने ठोक्यानिशी टोपी पेटण्याचा धोका संभवतो.

दुसरा प्रकार प्रेसवर बसणारा. त्याच्या अंगास ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ असे आटे असतात, प्रेसच्या इतर साच्यांप्रमाणेच. कॉलेट गोळीला आवळते, पुंगळी धरणारा प्रेसचा दांडा खाली आला की पुंगळी उतरते, आणि दारू पुंगळीतच राहते. काम निःशब्द, जलद आणि स्वच्छ. परंतु प्रत्येक व्यासास स्वतंत्र कॉलेट लागते, शिशाची उघडी गोळी तीत चेपली जाते, आणि आखूड बोथट गोळीला पकड मिळत नाही. महिन्याकाठी पाच-दहा काडतुसे उघडणाऱ्यास हा खर्च व्यर्थ. शेकड्याने उघडणाऱ्याने मात्र हातोडीच्या वाटेस जाऊ नये.

लालबाग-परळच्या गिरण्यांत शाफ्टवरून चाक उतरविण्याचा तीन जबड्यांचा पुलर फिटर ज्या रीतीने पारखीत, ती रीत आम्हांस या बाबतीत सर्वांत विश्वासार्ह वाटते. झिजणारा भाग कोणता, तो सुटा निघतो काय, आणि तो याच शहरात मिळतो काय, हे पाहावयाचे. मुलामा आणि छाप नंतर. आजन्म हमीचा कागद सातासमुद्रापलीकडील कारखान्याचा असेल, तर मोडलेले टोपण तिकडे पाठवून नवे येईपर्यंत अवजार खुंटीलाच राहणार. त्यापेक्षा दोन जादा कॉलेट व एक जादा टोपण यांसह मिळणारा साधा पुलर आम्ही पसंत करू.

काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा, एका वेळी एकच काडतूस मेजावर असावे, आणि निघालेली दारू, ती ओळखीची भासली तरी, कोणत्याही डब्यात परत मिसळू नये.

ज्यांचे पुलर मोडले असतील त्यांनी ते नेमके कुठे मोडले, टोपणाशी, सांध्याशी की डोक्याशी, आणि कशावर आपटले होते, एवढे एका कार्डावर आम्हांस कळवावे. नावे छापली जाणार नाहीत.