नकाशातले पाणी

आमच्या थोरल्या भगिनींनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी नर्मदामाईच्या पायी परिक्रमेचा संकल्प सोडला, तेव्हा घरातून कोणीही विरोध केला नाही. विरोधाचा उपयोग होत नाही, हे सर्वांस पूर्वानुभवाने ठाऊक होते. बंगळूरला असलेल्या भाच्याने मात्र एक अट घातली. आईने झोळीत एक टॅब ठेवावा आणि त्यातील नकाशा पाहत चालावे. ताईचे उत्तर तयार होते. "माईला उजव्या हाताला ठेवायचे नि चालायचे. यात चुकायचे ते काय?" मग त्या चिरंजीवांनी आम्हांस गाठले. "मामा, आता तुम्हीच तिला सांगा. तुमचे ती ऐकते." हे विधान सर्वथैव असत्य आहे, परंतु मामा म्हटल्यावर अशा असत्यानेही माणूस सुखावतो. अखेर तोड निघाली ती अशी की, टॅब आम्ही शिकून घ्यावा, आणि डिसेंबरच्या सुट्टीत बडवाणीपासून पाच दिवस शूलपाणीच्या झाडीत ताईच्या सोबतीस जावे.

टॅब म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. घरोघरी नातवंडांच्या हाती तो असतोच. मोबाइलचे नेटवर्क गेले की त्याचा नकाशाही गेला, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. आपण कोठे उभे आहोत, हे टॅबला टॉवर सांगत नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली जागा आणि अचूक वेळ सतत कळवीत असतात. तो संकेत पोचण्यास लागलेल्या वेळावरून टॅब आपले अंतर मोजतो. तीन उपग्रहांनी जागा ठरते. टॅबचे घड्याळ तितके नेमके नसल्यामुळे चौथा लागतो. हे सर्व एकतर्फी चालते, टॅब वर काहीच पाठवीत नाही. म्हणून विमानात ठेवतात तसा तो मुका करून ठेवला तरी जागा दाखवितो, आणि बॅटरीही वाचते. फक्त अशा स्थितीत प्रथम जागा सापडावयास काही मिनिटे लागतात, कारण उपग्रहांचे वेळापत्रक त्याला उपग्रहांकडूनच सावकाश ऐकून घ्यावे लागते. उघड्या आकाशाखाली स्वस्थ उभे राहावे. आमच्यासारख्या शिक्षकाला त्या उपग्रहांविषयी सहानुभूतीच वाटली. तेही तेच तेच सांगत राहतात, आणि समोरच्याला उमगेपर्यंत वेळ जातो.

येथे खरेदीतली एक फसगत सांगून ठेवतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या पुष्कळ टॅबांत हा उपग्रहांचे ऐकणारा भागच नसतो. घरात नकाशा झकास दिसतो, आणि रानात आपला ठिपका कोठेच उमटत नाही. सिमकार्डाची सोय असलेल्या टॅबांत हा भाग बहुधा असतो. सिम घालण्याची गरज नाही. नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावयाचा. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, २००४ साली सुरू झालेला आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून रेखलेला नकाशा आहे. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांसारख्या साधनांतून तो प्रांताप्रांताने फुकट उतरविता येतो. आम्ही मध्यप्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात असे तिन्ही घेतले. 'मार्ग दाखव' म्हटल्याबरोबर त्याने आम्हांस जवळच्या पुलावरून उत्तर तीरावर नेऊन परत आणण्याचा घाट घातला. परिक्रमेत माई ओलांडावयाची नसते, हे त्याला कोण सांगणार? तेव्हा त्याला मार्ग विचारावयाचा नाही, केवळ जागा विचारावयाची, असे आम्ही ठरविले. हा निश्चय आम्ही दोन दिवस पाळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाट दुभंगली. एक चढून डोंगराच्या धारेने जाणारी, दुसरी उतरून एका नाल्यापलीकडे निघणारी. टॅबमध्ये खालच्या वाटेची तुटक रेषा स्पष्ट होती. नाला म्हणजे दोऱ्याएवढी निळी रेघ, आणि अंतर वरच्या वाटेच्या निम्मे. आमच्या पुढे गेलेल्या मूर्ती वरच्या वाटेने गेल्याचे माग दिसत होते. एका गुराख्याने वरच हात केला. ताई म्हणाली, "अरे, तो इथलाच आहे, त्याचे ऐकू." आम्ही तिला ठिपका दाखविला. आपण जेथे उभे आहोत नेमका तेथेच तो होता, पाच-सात पावलांचाही फरक नसेल. ज्याला आपली जागा इतकी बिनचूक ठाऊक, त्याला पुढची वाट ठाऊक नसेल काय, असा आमचा युक्तिवाद. चौघेही खालच्या वाटेने उतरलो.

तासाभराने वाट संपली. पाण्यात शिरून संपली. दोऱ्याएवढ्या रेघेच्या जागी दोन डोंगरांमध्ये पसरलेले हिरवे, स्तब्ध पाणी होते, आणि त्यातून सागाचे वाळलेले शेंडे वर आलेले. टॅबमधला ठिपका मात्र अजूनही बिनचूक होता. होडीत जाळे आवरीत बसलेला एक मुलगा आमच्याकडे पाहून हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. "मास्टरसाब, ये रास्ता तो डूब में गया," एवढेच म्हणाला.

'डूब' हा निमाडातला शब्द तिकडच्या वाचकांस परिचयाचा आहे. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि १३८.६८ मीटरांची पूर्ण पातळी पाण्याने २०१९ च्या सप्टेंबरात प्रथम गाठली. पावसाळ्यानंतर पाणी वर असते, उन्हाळ्याकडे उतरत जाते. म्हणजे एकच वाट मे महिन्यात असते आणि डिसेंबरात नसते.

मुलाने होडीतून पलीकडे सोडण्याची तयारी दाखविली. दहा मिनिटांचे काम होते. ताईने विचारले, "हे पाणी नाल्याचे की माईचे?" उपनदी ओलांडता येते, माई नाही. परंतु धरणाचे पाणी मागे रेटून नाल्यात शिरले, तर ते कोणाचे म्हणावयाचे? टॅबमध्ये पाहावे, तर त्याला सगळे निळे सारखेच. मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, "पानी तो मैया का ही है." ताईने होडीला नमस्कार केला आणि पाठ फिरविली. आल्या वाटेने चढून, मग नाल्याच्या मुखाला वळसा घालून जाणे भाग होते. ताईचा उजवा गुडघा चढावरच सुजला. अंधार पडला तेव्हा आमच्याजवळ अर्धी बाटली पाणी होते. खाली एवढा जलाशय, आणि उतरावयास जागा नाही. त्या तीन तासांत ताई आम्हांस एक शब्दही बोलली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. रात्री आठाच्या सुमारास एका फलियातल्या भिलाला कुटुंबाने आम्हांस ओसरीवर घेतले. मक्याच्या भाकऱ्या झाल्या, आणि म्हातारीने ताईच्या गुडघ्याला गरम तेल लावून दिले. त्या घराचे मूळ घर कोठे होते, हे म्हातारीने आम्हांस बसल्या जागेवरून बोटाने दाखविले. बोट पाण्याकडे होते.

घरी परतल्यावर आम्ही भाच्याकडून या चुकीचा उलगडा करून घेतला. टॅबमधील नकाशातल्या उंचीच्या वळणदार रेषा बहुतांशी एका अवकाशयानाने २००० सालच्या फेब्रुवारीत रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. तेव्हा धरणाची भिंत आजच्याइतकी उंच नव्हती. म्हणजे आमच्या हातातल्या टॅबमध्ये बुडण्यापूर्वीची दरी जशीच्या तशी होती. वाटा रेखणारे निराळे, जलाशयाचा काठ रेखणारा निराळा, आणि प्रत्येकाचे वर्ष निराळे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या कागदी नकाशाच्या समासात मोजणीचे वर्ष छापलेले असते, ते पाहून माणूस सावध होतो. टॅबला समासच नाही. गंमत अशी की, त्याच जुन्या मोजणीने आम्ही सावध होऊ शकलो असतो. १४० मीटरांची रेषा शोधून काढली, तर भरलेल्या जलाशयाचा काठ जवळजवळ तिच्याच खाली येतो. आकड्यांत काही मीटरांची चूक धरली तरी. आमची वाट त्या रेषेच्या पुष्कळ खाली उतरत होती. हे ज्ञान आम्हांस इंदुरात बसून झाले.

जुने कागदी नकाशे जवळ असलेल्यांसाठी आणखी एक. त्यांतील अक्षांश-रेखांश टॅबमध्ये जसेच्या तसे भरू नयेत. ते एव्हरेस्ट साहेबांनी १८३० साली ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर आणि आपल्या मध्यप्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या टेकडीपासून धरलेले आहेत. टॅब १९८४ सालचा जागतिक आकार मानतो. एकच आकडा दोन ठिकाणी दोन जागा दाखवितो.

ताईने परिक्रमा सोडली नाही. म्हातारीच्या ओसरीवर चार दिवस विसावून ती पुढे निघाली, आणि निघताना टॅब मागून घेतला, याचे आम्हांस नवल वाटले. तो तिने कसा वापरला, ते फोनवरून कळत गेले. दिवसभर बंद; पडदा उन्हात दिसत नाही आणि उजेड वाढवावा तर बॅटरी संपते. मुक्कामी उघडून दिवसाची जागा वहीत टिपून घ्यावयाची आणि उद्याच्या वाटेवरची नावे घरच्या माणसाला विचारावयाची: हे गाव आहे का, वर आले का, पाणी कोठे मिळेल. भिजलेल्या बोटांना पडदा जुमानीत नाही, हे तिने धुक्याच्या एका पहाटे शोधून काढले, आणि तेव्हापासून तो प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या पंचात गुंडाळलेला असे.

दक्षिण तीर संपतो तेथे, विमलेश्वराजवळून, परिक्रमावासी नावेने समुद्रातून मिठीतलाईस उत्तर तीरावर जातात. माईला न ओलांडता पैलतीरी जाण्याची ती एकच रीत. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, भावनगरकडे दहा मीटरांच्या घरात जाणारा. त्यामुळे नाव निघावयाची वेळ माणूस ठरवीत नाही, भरती ठरविते. तेथे ताईने प्रथमच चालता टॅब मांडीवर धरला आणि सगळा प्रवास त्यात नोंदवून मुलाकडे पाठविला. भाच्याने तो आम्हांस दाखविला. निळ्या रंगावर एक रेषा, सरळ जाता जाता मध्येच उगाच मोठे वळण घेऊन पुढे गेलेली. त्याने आईला फोन करून विचारले, नाव तेथे भरकटली होती काय?

"भरकटेल कशाला?" ताई म्हणाली. "खाली गाळ आहे तिथे. नावाडी दरवर्षी बांबूने चाचपून बघतो. तुझ्या टॅबात नाही तो."