औंढा आणि औंढ्यास
नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ ही क्षेत्रे ज्या हिंगोली जिल्ह्यात आहेत, तेथील दफ्तरे संगणकात चढविली, तरी 'औंढा' शोधणाऱ्यास 'औंढ्यास', 'औंढ्यातील' असे लिहिलेले कागद गवसतीलच असे नाही; कारण प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, हे मोरो केशव दामल्यांनी १९११ सालच्या व्याकरणात सविस्तर मांडले असले, तरी यंत्रास ते निराळे शिकवावे लागते. प्रत्यय छाटून मूळ शब्दच सूचीत नोंदवावा, हा उपाय. परंतु आंधळी छाटणी 'पाण्यात'मधून 'पाणी' देत नाही, आणि 'हात'मधला 'त' मात्र खुशाल कापते! २००८ साली सुरू झालेल्या 'फायर' या माहितीशोधाच्या चाचणीच्या उपक्रमाने मराठी वर्तमानपत्री मजकुरावर अशा शोधाची परीक्षा घेतली, हे आम्हांस स्तुत्य वाटते. हिंगोलीच्या दफ्तरांतल्या निजामी अमदानीतील उर्दू कागदांची पंचाईत मात्र प्रत्ययापाशी नव्हे, लिपीपाशीच सुरू होते.