पाहुण्याची गोळी, यजमानाचा शब्द

परदेशात जाऊन, पैसे मोजून हरणाची शिकार करणाऱ्या माणसाबद्दल मराठी घरांत सहसा एकच मत असतं, आणि ते चांगलं नसतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला, हायलंड्सच्या डोंगरात, एका स्थानिक यजमानाबरोबर मी हरणामागे गेलो होतो हे कळल्यावर जवळच्या माणसांनी मला बरंच सुनावलं. त्यांचा राग खरा होता आणि त्यामागे विचारही होता. म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो, त्यांच्याच जोराने.

ते म्हणतात, पोटासाठी मारणं वेगळं आणि हौसेसाठी मारणं वेगळं. ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानात मटण मिळतं त्याने हजारो किलोमीटर विमानाने जाऊन एक मुका जीव मारायचा, याला काय म्हणायचं? शिवाय निसर्ग आपला तोल आपण राखतो, माणसाने बंदूक घेऊन मध्ये पडायचं कारण नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्यांची वाटही बंद केली. मग जो इथे गुन्हा आहे तो दुसऱ्या देशात जाऊन करणं ही पळवाट नाही तर काय? आणि सगळ्यात शेवटी: हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा षौक आहे, त्याला निसर्गरक्षणाचा मुलामा देऊ नका.

यातल्या निसर्गाच्या तोलाबद्दलच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

तोल राखायला तराजूची दोन्ही पारडी जागेवर लागतात. स्कॉटलंडमधलं एक पारडं शेकडो वर्षांपूर्वी गळून पडलं. अस्वल गेलं, लिंक्स मध्ययुगात गेला, आणि शेवटचे लांडगे सतराव्या-अठराव्या शतकाच्या सुमारास मारले गेले. त्यानंतर तिथल्या हरणाला माणूस आणि थंडी एवढेच शत्रू उरले. १९९०च्या सुमारास सगळ्या जातींची मिळून पाच लाखांच्या आसपास असलेली हरणं आज दहा लाखांच्या घरात आहेत असा सरकारी अंदाज आहे. माणसं आहेत पंचावन्न लाखांच्या आसपास. एवढी हरणं खातात काय? गवत खातात, हेदरची झुडपं खातात, आणि उगवून वर आलेलं प्रत्येक झाड खातात. बर्च, रोवन, विलो, पाइन, काहीही.

हे वाचून मला समजलं नव्हतं, पाहून समजलं. एका उतारावर माझे यजमान थांबले, गुडघ्यांवर बसले आणि हेदर दोन्ही हातांनी बाजूला केलं. आत एक पाइनचं रोप होतं, जेमतेम वीतभर उंच. बुंधा मात्र अंगठ्याएवढा जाड, गाठाळ, वाकडातिकडा. दर हिवाळ्यात शेंडा हेदरच्या वर आला की हरणं तो खुडतात, उन्हाळ्यात रोप पुन्हा बाजूने फुटतं, पुन्हा खुडलं जातं. वीतभर दिसणारं ते झाड कित्येक वर्षांचं होतं. समोरच्या धारेवर दीड-दोनशे वर्षांचे पाइन उभे होते, आणि त्यांच्या पायाशी त्यांचं एकही तरणं पोर नव्हतं. म्हाताऱ्या झाडांचं रान, पुढची पिढीच नसलेलं. हेच रान डोंगराखालून मोटारीतून पाहिलं तर फार देखणं दिसतं, म्हणून तर पर्यटक त्याचे फोटो काढतात.

उलट चित्रही त्याच देशात आहे. क्रेग मेगी नावाचा डोंगर १९८५मध्ये सरकारी निसर्गसंस्थेने विकत घेतला. तिथे मोठं कुंपण घालून रोपं लावली नाहीत, हरणांची संख्या बंदुकीने खाली आणली. काही वर्षांत बर्च आपणहून उतारावर चढू लागला. ग्लेनफेशीच्या खोऱ्यातही हरणं मोठ्या प्रमाणावर कमी केल्यावर जुन्या पाइनांखाली नवे पाइन उभे राहिले. झाडं तिथे कुणी आणून लावली नव्हती. बी जमिनीत होतंच, त्याला वर यायची सवड मिळाली इतकंच. ज्यांना निसर्गाचा तोल हवा आहे त्यांनी हे दोन उतार शेजारी ठेवून पाहावेत.

‘मग लांडगे परत आणा’ असं कुणी म्हणेल. म्हणणं योग्य आहे, मलाही आवडेल. पण मेंढपाळ, गावं आणि कायदा यांतून वाट काढत ते व्हायला किती काळ लागेल याचा भरवसा नाही. २०२५च्या जानेवारीत कुणीतरी चोरून हायलंड्समध्ये चार लिंक्स सोडले, ते दोन-तीन दिवसांत पकडावे लागले आणि त्यातला एक मेला. तोवर हरणांचं काय करायचं? काहीच केलं नाही तर हरणं कमी होतातच, फक्त वेगळ्या रीतीने. कडक हिवाळ्याच्या शेवटी, चारा संपलेला आणि अंगावरची चरबी उतरलेली हरणं ओढ्याकाठी आडोशाला येऊन बसतात आणि पुन्हा उठत नाहीत. निसर्गावर सोडून दिलं की हे असं होतं. त्याला दया म्हणायला माझी तयारी नाही.

आता कायद्याचा मुद्दा. आपल्याकडची शिकारबंदी योग्य आहे, ती सैल करा असं म्हणणाऱ्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. ताडोबातलं किंवा पेंचमधलं चितळ हे वाघाचं, बिबट्याचं आणि रानकुत्र्याचं अन्न आहे. तिथे माणसाने मारलेलं प्रत्येक चितळ त्यांच्या तोंडचा घास असतो. स्कॉटलंडमध्ये तो घास खायला कुणीच नाही. तत्त्व एकच आहे, रान टिकलं पाहिजे. जागा बदलली की त्याच तत्त्वातून उलट आचरण निघतं, यात विसंगती कुठे आली? दूर कशाला, अंदमानात इंग्रजांच्या काळात चितळं नेऊन सोडली. तिथे ना वाघ ना बिबट्या. आज त्या बेटांच्या जंगलात नवी रोपं वाढू न देणारा मोठा उपद्रव म्हणून अभ्यासक त्याच चितळाकडे बोट दाखवतात. ताडोबात जे जपायचं तेच अंदमानात आवरायचं, हे आपल्याच देशात आहे.

शिवाय तिकडे हे चोरीछुपे चालत नाही. रानातलं हरीण कुणाच्या मालकीचं नसतं, ते मारण्याचा हक्क जमिनीबरोबर येतो, आणि जमीनमालकाने हरणं आवाक्यात ठेवली नाहीत तर नेचरस्कॉट ही सरकारी संस्था त्याच्यावर सक्ती करू शकते. ऑक्टोबर २०२३पासून नरांसाठीचा बंदीचा हंगामही काढून टाकला गेला. शासनच सांगतंय की हरणं कमी करा. याला पळवाट म्हणता येत नाही.

राजेरजवाड्यांचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात पुष्कळ तथ्य आहे. शिकार म्हटली की आपल्याला कोल्हापूरचे चित्तेवान आठवतात, काळविटांवर सोडलेले पाळीव चित्ते आठवतात, हाकारे आठवतात. स्कॉटलंडचा इतिहास याहून कडू आहे. तिथे मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी माणसांपासून रिकामी केली गेली. रम बेटावरची सुमारे तीनशे माणसं १८२६पासून गलबतांत घालून कॅनडाकडे रवाना झाली. पुढे मेंढ्यांतला नफा आटला तेव्हा त्याच ओसाड खोऱ्यांत श्रीमंतांसाठी हरणांची राखीव रानं झाली. राणी व्हिक्टोरियासाठी बाल्मोरल १८५२मध्ये विकत घेतलं गेलं आणि या षौकाला राजप्रतिष्ठा मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी लँडसीरने रंगवलेला ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’, डोंगरात मान उंचावून उभा असलेला शिंगाळा नर, अजून बिस्किटांच्या डब्यांवर दिसतो. त्या चित्राने फार नुकसान केलं असं माझं मत आहे. दरवर्षी किती नर मारता येतात यावरून इस्टेटीची किंमत ठरू लागली, म्हणून मालकांनी हरणं वाढू दिली, हिवाळ्यात खायलाही घातलं. आजच्या बेसुमार कळपांचं एक कारण शिकारीचा हा धंदाच आहे. टीकाकारांनी हे बोलून दाखवलं तर माझं त्यांना अनुमोदनच आहे.

पण यातून निघणारं उत्तर शिकार सोडा असं नसून शिकार बदला असं आहे. भिंतीवर डोकं लावण्यासाठी मोठ्या शिंगांचा नर मारल्याने संख्येवर काही परिणाम होत नाही. एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, तो गेला की दुसरा त्याची जागा घेतो. कळप आवरायचा तर माद्या माराव्या लागतात. तांबड्या हरणाच्या माद्यांचा हंगाम परंपरेने २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. दिवस तोकडा, पाऊस आडवा, डोंगरावर बर्फ, आणि शेवटी हाती शिंग नाही की फोटोत मिरवण्यासारखं काही नाही. ज्याला हौस भागवायची आहे तो या दिवसांत सहसा फिरकत नाही. मी त्याच दिवसांत गेलो, आणि जाणाऱ्याने त्याच दिवसांत जावं असं आग्रहाने सांगतो.

पाहुण्याला तिथे स्वतःच्या मर्जीने करता येण्याजोगं फार थोडं असतं. सकाळी आधी कागदी निशाणावर गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात, ठरावीक वर्तुळात बसल्या नाहीत तर डोंगरावर जाणं रद्द. रायफल यजमानाची. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या डोळ्यांसमोर पाहुण्याला ती वापरू द्यायची मुभा कायदा देतो, म्हणून ती सतत त्यांच्याच खांद्यावर असते आणि शेवटच्या क्षणी हातात येते. बाकी सगळा वेळ दुर्बीण आणि वारा. आमचे यजमान साठी उलटलेले, त्याच खोऱ्यात वाढलेले. चालता चालता ते मूठभर सुकं गवत हवेत सोडून वारा पाहायचे. कळप दिसला की सरळ जायचं नाही, अख्खा डोंगर वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने यायचं, मग ओढ्याच्या पात्रातून गुडघ्यांवर, मग पोटावर. तासाभराने दीडशे मीटरवर पोचलो. माझ्या मनात एक मादी भरली होती, समोरची, अंगाने थोराड. त्यांनी दुर्बीण न काढता मान हलवली. “ती नाही. मागे पाडस बसलंय.” पाडस असलेली मादी मारायची तर दोघांना, नाहीतर दोघांना सोडायचं, कारण आईवेगळं पाडस तो हिवाळा काढत नाही. त्यांनी निवडलेली डावीकडची होती, पाठीचा कणा वर आलेली, त्या वर्षी न व्यालेली म्हातारी. तेवढ्यात वारा फिरला, कळपाने माना वर केल्या आणि सगळी धारेपलीकडे गेली. यजमान उठून उभे राहिले, म्हणाले, “आज इथे नाही,” आणि आम्ही परत फिरलो. पळत्या कळपावर गोळी घालू का असं विचारायची माझी छाती झाली नाही, आणि विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी मिळाली. गोळी तांब्याची, कारण शिशाचे कण मांसात आणि गरुडांच्या पोटात जातात. पडल्यावर यजमानांनी जागेवरच पोट उघडून आतडी काढली, आणि क्षयाची लागण नाही ना हे पाहण्यासाठी एकेक गाठ बोटांनी चाचपली. खाली आणल्यावर वजन केलं, वय काढण्यासाठी खालचा जबडा काढून ठेवला, सगळं वहीत लिहिलं. मांसाचा थोडा भाग आम्ही खाल्ला, उरलेलं व्यापाऱ्याकडे गेलं.

आता हौसेच्या आक्षेपाकडे येतो. जो माणूस मांस खातच नाही त्याच्याशी माझा वाद नाही, त्याचं म्हणणं सुसंगत आहे आणि मी ते मान खाली घालून ऐकतो. पण जो पिंजऱ्यात वाढलेली कोंबडी विनातक्रार खातो आणि डोंगरात मोकळं जगलेल्या, एका गोळीत गेलेल्या म्हाताऱ्या हरिणीसाठी हळहळतो, त्याने आपल्या ताटाकडेही एकदा पाहावं. महत्त्वाचं म्हणजे, मी गेलो नसतो तरी ती हरिणी त्या हिवाळ्यात जाणारच होती. त्या खोऱ्यात किती माद्या कमी करायच्या हा आकडा माझं तिकीट काढण्याआधी ठरला होता, त्यात माझ्यामुळे एकाचीही भर पडली नाही. पाहुण्याच्या पैशाने एवढंच होतं की एरवी निव्वळ खर्चाचं असलेलं हे काम यजमानाला थोडं परवडतं आणि खोऱ्यातलं एक घर हिवाळ्यात उघडं राहतं. विमानाच्या धुराचा आक्षेप उरतो, तो मला मान्य आहे. केवळ यासाठी विमानात बसू नये. माझा भाचा तिकडे असतो, त्याच्याकडे जायचंच होतं.

याच नावाखाली जे दुसरं चालतं त्याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. न्यूझीलंडमध्ये उंच कुंपणाआड, खास प्रचंड शिंगांसाठी पैदास केलेले नर पाळतात, आणि पाहुणा शिंगांच्या मापाप्रमाणे दाम मोजून त्यातला एक मारतो. त्याच देशात बाहेरून आणलेली हरणं मोकळ्या सरकारी रानात मुळावर आलेली आहेत आणि तिथे शिकाऱ्यांची खरी गरज आहे. कुंपणातल्या शिकारीचा त्या गरजेशी काही संबंध नाही. तिला विरोध करणाऱ्यांत माझं नाव घाला.

म्हणून कुणी मराठी माणूस असा बेत करत असेल तर त्याने यजमानाला पैशाआधी चार गोष्टी विचाराव्यात. तुमच्या खोऱ्यात यंदा किती हरणं आहेत आणि किती असायला हवीत? माद्यांच्या हंगामात येऊ का? कुठलं जनावर मारायचं हे कोण ठरवणार? आणि रोपं कुठे वर येताहेत ते दाखवाल का? माझ्या यजमानांना शेवटचा प्रश्न विचारावा लागला नाही, त्यांनी आपणहून हेदर बाजूला केलं होतं. ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं तयार नाहीत आणि शिंगांचे दर मात्र तयार आहेत, त्याच्याकडे जाऊ नये.