खाऱ्या पाण्यातला मासा कुणाचा?



नाइल तिलापिया झपाट्याने वाढतो, पण खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. मोझांबिक तिलापिया खारे पाणी सोसतो, पण सावकाश वाढतो. फिलिपाइन्सच्या सरकारी मत्स्यखात्याने दोघांचा संकर करून, पिढ्यानपिढ्या निवड करून 'मोलोबिकस' घडवला. पैसा जनतेचा! पण तो जनतेचाच राहील काय?

त्याच देशात १९८८ पासून सार्वजनिक निधीतून 'गिफ्ट' तिलापिया सुधारला गेला. १९९९ मध्ये त्याच्या पुढच्या पिढ्यांचे व्यापारी हक्क नॉर्वेच्या जेनोमार कंपनीकडे गेले. खर्च जनतेचा, नफा कंपनीचा! रेल्वे-टपालातले आपण हा डाव चांगला ओळखतो.

म्हणून आम्ही ठणकावून सांगतो: सरकारी केंद्रात घडलेले मत्स्यबीज खाऱ्या तळ्यांवर जगणाऱ्या गरीब मत्स्यशेतकऱ्याला परवडणाऱ्या दरात, सरकारी केंद्रातूनच मिळाले पाहिजे!