अल्पवयीन कर्जदार

गेल्या दिवाळीत हप्त्यावर मोबाईल घ्यावा म्हणून वडिलांसोबत मी बजाजनगरातल्या एका दुकानात गेले होते. दुकानदाराने माझा पॅन क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, तुमच्या नावावर आधीच थकबाकी दिसते." वडील माझ्याकडे वळले. "काय गं माय, हे कधी घेतलंस?" आमच्या घरात कर्ज म्हणजे बचतगटाचे, नाहीतर मुकादमाकडून घेतलेली उचल. घेणाऱ्याला ते ठाऊक असते. हे मला ठाऊकच नव्हते.

मागाहून पतअहवाल काढला. (पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एक अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017 पासून आहे. आपल्यापैकी कितीजणांना तो माहीत आहे?) साडेसहा हजारांचे कर्ज, कुठल्याशा ॲपवरून घेतलेले. पॅन माझा, जन्मसाल मात्र दोन वर्षे मागचे. त्या तारखेला मी सतरा वर्षांची होते आणि बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करीत होते.

माझे कागद कुठून गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. कारण ते कुठून गेले नसतील, हेच सांगणे कठीण! शिष्यवृत्तीला प्रती, वसतिगृहाला प्रती, सिमकार्डाला प्रती. वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर लागायचे तर ठेकेदाराकडे घरातल्या सगळ्यांचे आधार द्यावे लागतात. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या प्रती कोपऱ्यात पडलेल्या असतात. एकदा मला भेळेचा पुडा मिळाला तो कुणाच्या तरी प्रवेश अर्जाचा होता. भेळ मी खाल्ली. तेव्हा त्यात वावगे काही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या एका सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अगं, अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो." सरांचे बरोबर आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 11 तेच सांगते आणि 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात तेच ठरवले. परंतु तो खटला एका सावकाराचा होता. सावकार समोर होता, गहाणखत समोर होते. माझ्या बाबतीत सावकार दिसत नाही, सही नाही, आणि संगणकातली नोंद मात्र शाबूत! करार रद्दबातल आहे हे त्या नोंदीला कोण सांगणार?

तक्रार मीच करायची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 क कलमाखाली दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण आधी तो सापडला पाहिजे. पतनोंदीची तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम 2024 पासून लागू आहे आणि तो चांगला आहे. तरीही हे सारे चोरी झाल्यानंतरचे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती बंधनकारक केली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि ही तरतूद अमलात यायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. मला शंका आहे ती वेगळीच. माझे वडील सहीपुरते शिकलेले. जिथे बोट दाखवाल तिथे ते सही करतात. त्यांची संमती ही माझी ढाल कशी होणार?

अमेरिकेत 2018 च्या एका कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाची पतनोंद पालकांना विनाशुल्क गोठवता येते. तिथेही पालकांनी अर्ज करावाच लागतो, म्हणजे शहाणी घरे सुटतात आणि आमच्यासारखी राहतात. म्हणून मला वाटते की आपल्याकडे कायद्यानेच उलटे ठरवावे. अल्पवयीन व्यक्तीच्या पॅनवर कर्जाची नोंदच घेता येऊ नये. कंपनीने आधी पॅनवरची जन्मतारीख ताडून पाहावी. अठरा पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीने स्वतः उघडल्याशिवाय तिचे खाते बंदच राहावे. आणि तरीही नोंद झाली, तर कर्ज खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर असावा, मुलावर नव्हे. "याने व्यवहार अडतील," असे कोणी म्हणेल. कोणाचे? सतरा वर्षांच्या मुलीला कर्ज देण्याचा कोणता रास्त व्यवहार यात अडतो?

एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवण्यास मोकळीक द्यायला बँकांना सांगितले. मला ते आवडले. परंतु मुलांचे कागद आता आणखी लवकर बँकेच्या दारात जाणार.

माझी नोंद अजून निघालेली नाही. दोनदा मागितलेले कागद पाठवले, जन्माचा दाखलासुद्धा. मोबाईल शेवटी मामाच्या नावावर घेतला.

धाकटा भाऊ आठवीत आहे. परवा शाळेने त्याच्या आधारच्या दोन प्रती मागितल्या. दोन कशाला, असे विचारायला मी गेले, तर नेहमीच दोन घेतो म्हणाले. एक दिली. तीवर आडवी रेघ ओढून "फक्त शाळेच्या कामासाठी" असे लिहिले, आणि खाली तारीख घातली.