वजनाची रेघ काय सांगते?



आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारे कारकून. खातेवहीतला एकच आकडा पाहून धंदा चढतो आहे की बुडतो आहे हे कळत नाही. महिन्यामागून महिन्याच्या नोंदी लागतात. तान्ह्या बाळाचेही तसेच असते, हे आम्हाला आमच्या भाचीच्या लेकीने शिकवले.

भाची आमच्याच चाळीत राहते. पोरगी हसरी, गालांनी गुबगुबीत. दर महिन्याला अंगणवाडीत वजनाला न्यायची म्हटले की आमच्या आईची कुरकूर सुरू. “लेकराला काट्यावर घालू नये, दृष्ट लागते.” भाचीने ऐकले नाही, हे बरेच झाले. पाचव्या महिन्यात वजन 6 किलो 200 ग्रॅम, सहाव्यात 6 किलो 300, सातव्यातही 6 किलो 300.

“हिरव्या पट्ट्यात आहे ना, मग झालं!” आम्हीही म्हणालो. अंगणवाडीताईंनी तक्त्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवले. “काका, पट्टा हिरवा आहे, पण रेघ आडवी झालीय. अशीच राहिली तर लवकरच पिवळ्यात जाईल. बाळाला वरचं काय देता?”

देत होतो वरणाचे पाणी! सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध पुरते. पुढे दुधाबरोबर घट्ट अन्न लागते. ताईंच्या सांगण्यावरून वरण-भात कुस्करून त्यात तेलाची धार, उकडलेले अंडे, केळे असे थोडे थोडे दिवसातून दोन-तीनदा सुरू केले. अंगावरचे दूध चालूच ठेवले. पुढच्या महिन्यात काटा 6 किलो 800 वर गेला. आता आईच विचारते, “औंदा किती भरलं गं?”

कुणी म्हणेल, आपल्या माणसांची हाडेच बारीक, आपली पोरे अशीच असायची. हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली जे तक्ते काढले, त्यासाठी भारत, ब्राझील, घाना, ओमान, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतली मुले मोजली होती. आईचे दूध, नीट आहार आणि स्वच्छता मिळालेली मुले पहिल्या पाच वर्षांत सगळीकडे जवळपास सारखीच वाढली. म्हणजे फरक जन्माने पडत नाही, परिस्थितीने पडतो. ‘मुलगी बारीकच असते’ ही सबबही चालत नाही; मुलींचा तक्ता वेगळाच असतो.

मायभगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पाच-सहा महिन्यांत ते जन्माच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. जन्मावेळी साधारण 50 सेंटीमीटर असलेली लांबी वर्षात 75 च्या आसपास जाते. वजनाबरोबर बाळाची हुशारीही पाहावी: दुसऱ्या महिन्याच्या सुमारास आपल्याकडे बघून हसणे, चौथ्यापर्यंत मान धरणे, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसणे. थोडे मागेपुढे होते. फारच मागे पडले तर डॉक्टरांना दाखवावे.

रेघ वर चढते तोवर शेजारणीच्या बाळाशी तुलना नको. आडवी झाली तर खाणे आणि आजारपण तपासा. खाली उतरली, किंवा दोन्ही पावलांवर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रेशनकार्ड आपण पिशवीत जपून ठेवतो. बाळाचे कार्डही तसेच जपा, आणि या महिन्याचा ठिपका पडला की नाही, हे आज घरी गेल्यावर बघा. बापांनीसुद्धा.